यंत्रांची मोड

आपल्या आजीच्या काळी तांब्याचा हंडा गळू लागला म्हणजे तो कोणी उकिरड्यावर टाकीत नसे. तो तांबटाच्या किंवा कासाराच्या दुकानी जाई. तेथे त्याचे वजन होई, घट वजा होई, मोडीची किंमत नव्या भांड्याच्या किमतीत जमा धरली जाई, आणि वर मजुरी देऊन नवा हंडा घरी येई. या व्यवहारासाठी कोणी कायदा केला नव्हता. जुन्या तांब्याला किंमत होती, आणि ज्याने भांडे घडविले त्यालाच ते मोडून पुन्हा घडविण्याची विद्या अवगत होती. एवढ्या दोन गोष्टींवर तो व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. आजही मोटारीची बॅटरी बदलताना दुकानदार जुनी बॅटरी ठेवून घेतो व नवीची किंमत कमी करतो, ते याच कारणाने. तीत शिसे असते. २००१ च्या बॅटरी-नियमांनी त्या चालीला कायद्याचे रूप दिले.

मग घरोघरी कपाटात पडून राहिलेले मोबाइल, संगणक व दूरदर्शनचे संच यांची मोड का होत नाही, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात साहजिकच येईल.

हंड्यात धातू एकच होता. तळहाताएवढ्या मोबाइलमध्ये तांबे, कथील, सोने, चांदी, पॅलेडियम, कोबाल्ट, लिथियम इत्यादी अनेक धातू, तेही केसासारख्या बारीक थरांनी, प्लॅस्टिक व काच यांच्याशी चिकटवून बसविलेले असतात. सोने त्यात थोडे नाही. खाणीतील एक टन खडकातून पाच-सहा ग्रॅम सोने निघाले तर ती खाण चांगली समजतात. एक टन जुन्या मोबाइलांतून सुमारे ३०० ग्रॅम मिळू शकते. टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांची सुमारे ५,००० पदके जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या यंत्रांतूनच घडविली. १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०१९ या दोन वर्षांत सुमारे ७८,९८५ टन यंत्रे जमा झाली, त्यात बासष्ट लाखांवर मोबाइल होते, आणि त्यांतून ३२ किलो सोने निघाले. परंतु ते काढण्याची विद्या तांबटाच्या भात्याच्या पलीकडची आहे. बेल्जममधील होबोकेन येथे उमिकोर कंपनीची भट्टी अशा मिश्रणातून १७ धातू वेगळे करते. तशा भट्ट्या जगात मोजक्याच आहेत.

आपल्या देशात यातील बराच माल भंगारवाल्याच्या हातगाडीवरून जातो. तारांवरचे आवरण जाळून तांबे घेतात, सर्किटाची हिरवी पाटी आम्लात बुडवून सोने घेतात; धूर कामगाराच्या छातीत आणि उरलेले आम्ल गटारात जाते. येथे भंगारवाल्याला दोष देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. दारोदार हिंडून, रोख पैसे देऊन, जुनी वस्तू गोळा करण्याचे जे काम तो करतो ते अद्याप कोणत्याही बड्या कंपनीला तितके साधलेले नाही. घात होतो तो त्याच्या पुढच्या पायरीवर. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत्-कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन प्रक्रिया झाल्याची नोंद अवघ्या २२.३ टक्क्यांचीच आहे.

या गुंत्यावर १९९० साली स्वीडनमधील टॉमस लिंडक्विस्ट या अभ्यासकाने आपल्या सरकारपुढे एक विचार मांडला. त्यास ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ असे म्हणतात. वस्तू विकली म्हणजे उत्पादक सुटला असे न मानता, तिच्या अखेरीचा खर्चही त्याच्याच माथी ठेवावा, असा त्याचा मथितार्थ. यातील खरी खुबी वसुलीत नसून रचनेत आहे. मोडण्याचा खर्च ज्याला सोसावा लागणार, तो वस्तू मोडण्यास सोपी अशी करील. डिंकाने चिकटविण्याऐवजी स्क्रू लावील, आणि विषारी द्रव्य टाळता येईल तेथे टाळील. तांबटाचे शहाणपण कारखानदारास कायद्याने शिकवावयाचे, असेच म्हणा ना.

भारतात हे तत्त्व २०११ च्या नियमांनी आले. १ मे २०१२ पासून ते लागू झाले. २०१६ च्या नियमांत एक चांगली योजना ऐच्छिक म्हणून होती: विकतेवेळी थोडी अनामत घ्यावी व जुनी वस्तू परत आणणाऱ्यास ती व्याजासह द्यावी. सोड्याच्या बाटलीचा हा जुनाच रिवाज. परंतु ऐच्छिक असल्यामुळे तो फारसा रुजला नाही, याचे मला वाईट वाटते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे कंपनीला पूर्वी विकलेल्या मालाच्या वजनाच्या ठरावीक हिश्शाइतक्या कचऱ्यावर प्रक्रिया झाल्याचे दाखवावे लागते. पहिली दोन वर्षे ६० टक्के, पुढील दोन वर्षे ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. यासाठी तिने नोंदणीकृत प्रक्रियाकाराकडून प्रमाणपत्रे विकत घ्यावयाची. ही सोय व्यवहारास सुलभ खरी. पण कंपनीने आपण विकलेली वस्तू डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे असे यात उरले नाही. प्रमाणपत्र फार स्वस्त झाले तर प्रामाणिकपणे काम करणाऱ्याचा खर्चच निघत नाही, म्हणून २०२४ मध्ये किमान दर ठरविण्यात आला. ग्राहकोपयोगी विद्युत् मालास तो किलोमागे २२ रुपये होता. काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. जुन्या संचाची मोड कोणी भरावयाची, हाच तो वाद.

आता आपल्या गावाकडे पाहू. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉन कंपनीचा कारखाना १९८० नंतरच्या दशकात उभा राहिला, आणि तेथील रंगीत दूरदर्शन संच देशभर गेले. आपल्या पालकांपैकी कित्येकांनी पहिला संच त्याच नावाचा घेतला असेल. कित्येकांच्या घरची चूल त्या कारखान्यावर चालली. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायप्रक्रियेत गेली. संच मात्र अजून माळ्यावर आहेत. त्यांच्या अवजड काचनळीत किलो-दोन किलो शिसे असते, सोने नावापुरतेच. भंगारवाला तिच्या मानेवरील तांब्याचे वेटोळे काढून घेतो आणि काच टाकून देतो, कारण तिला गिऱ्हाईक नाही. ज्याची मोड येत नाही आणि ज्याचा कर्ताही उरला नाही, अशा वस्तूचे काय करावे?

नियमांनी याचा विचार केला आहे. ज्यावर कोणाचे नाव नाही, किंवा ज्याचा उत्पादक बंद पडला आहे, त्या मालास ‘अनाथ’ म्हटले असून तो गोळा करून योग्य स्थळी पोचविण्याचे काम नगरसंस्थेकडे दिले आहे. साधा कचरा कोठे टाकावा याचीच पंचाईत या शहराने २०१८ च्या फेब्रुवारीत अनुभवली. नारेगावच्या लोकांनी गाड्या अडविल्या, रस्तोरस्ती ढीग साचले, आणि मार्चमध्ये मिटमिट्यास दंगल झाली. नारेगावच्या रहिवाशांनी अनेक वर्षे सोसले त्या ढिगात फुटलेल्या काचनळ्याही मिसळाव्यात, असे त्यांच्या शेजारी राहणाऱ्या कोणासही वाटणार नाही.

घरी गेल्यावर विद्यार्थ्यांनी एखादा चार्जर उलटा करून पाहावा. त्यावर चाकांची कचरापेटी व तीवर फुली असे चिन्ह आढळेल. ही वस्तू घंटागाडीत टाकू नये, असा त्याचा अर्थ. नवीन यंत्र घेताना जुने परत घेणार काय, आणि ते पुढे कोणाकडे जाते, हे दुकानदारास विचारावे. जुना मोबाइल देण्यापूर्वी त्यातील माहिती पुसावी. फुगलेली बॅटरी टोचू अगर दाबू नये, ती पेट घेते. आणि माळ्यावरचा जुना संच, तो नेणारा योग्य मनुष्य मिळेपर्यंत, न फोडता तसाच राहू द्यावा.