दोषाचा माग

यंत्र बिघडले की पुष्कळदा मनुष्याचा संयमही बिघडतो. पंप सुरू होईना, की कोणी त्याला लाथ मारतो. रेडिओ खरखरू लागला, की कोणी त्याच्या डोक्यावर थाप देतो. क्वचित अशा उपचाराने यंत्र चालू होतेही, आणि मग थाप देणाऱ्याला आपण मोठे कारागीर आहोत असे वाटू लागते. परंतु दोष कोठे होता, तो का उत्पन्न झाला आणि कशाने नाहीसा झाला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसते. त्यामुळे तोच दोष पुन्हा उद्भवला, म्हणजे तो पुन्हा थापच मारतो. संगणकापुढे तर हा उपाय मुळीच चालत नाही. चाक अडकले आहे काय, पट्टा तुटला आहे काय, हे डोळ्यांनी पाहून समजावे अशी सोय तेथे नाही. त्याचे काम अदृश्यपणे चालते, म्हणून त्याच्या दोषाचा माग बुद्धीनेच काढावा लागतो. ही विद्या जशी मोठ्या प्रयोगशाळांत वाढली, तशीच ती हौशी माणसांच्या घराघरांतही वाढली.

संगणकातील दोषाला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा, असे म्हणतात. यंत्राच्या दोषाला हे नाव देण्याची रीत जुनी आहे. थॉमस एडिसन यांच्या १८७८ सालच्या एका पत्रातही हा शब्द त्याच अर्थाने आलेला आहे. परंतु १९४७ साली हा अलंकारिक शब्द अक्षरशः खरा ठरला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क दोन’ नावाचा प्रचंड गणनयंत्राचा सांगाडा उभा होता. विजेने उघडमीट करणाऱ्या असंख्य ‘रिले’ नावाच्या खटक्यांवर त्याचे काम चाले. ९ सप्टेंबर रोजी यंत्र चुकू लागले. तपास करता करता शोधकांना ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये एक पतंग सापडला. त्यांनी तो फेकून दिला नाही. कामाच्या नोंदवहीत त्यांनी तो चिकटपट्टीने चिकटविला, वेळ आणि जागा लिहिली, आणि खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ आहे, असा विनोदी शेराही मारला. ती वही आज वॉशिंग्टन येथील संग्रहालयात जपून ठेवली आहे. पतंगाचे काय महत्त्व? महत्त्व त्या नोंदीचे आहे. दोष सापडला, तर तो कोठे आणि केव्हा सापडला हे लिहून ठेवावे, ही शिस्त त्या लहानशा घटनेतून दिसते.

त्या काळी संगणक ही सरकारे, विद्यापीठे आणि मोठे उद्योग यांचीच मिरासदारी होती. सामान्य माणसाच्या घरात तो येईल, ही कल्पनाही हास्यास्पद वाटे. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘आल्टेअर ८८००’ नावाच्या संगणकाचे चित्र झळकले आणि हौशी लोकांत एकच खळबळ उडाली. मात्र पैसे भरून ज्यांनी तो मागविला, त्यांतील पुष्कळांच्या घरी संगणक आला नाही. आली ती सुट्या भागांची पेटी! प्रत्येक भाग योग्य जागी बसवून त्याला कथलाचा डाख द्यावयाचा होता. एखादा डाख कच्चा राहिला, किंवा कथलाचा थेंब ओघळून दोन शेजारच्या रेषा जोडल्या गेल्या, की सारा खटाटोप व्यर्थ. सर्व सुरळीत झाले, तरी या यंत्राला पडदा नव्हता आणि टंकफलकही नव्हता. समोर बटणांच्या रांगा आणि लाल दिव्यांच्या ओळी, एवढाच त्याचा चेहरा. मूळ संचाची स्मृती तर अवघी २५६ बाइट, म्हणजे २५६ रोमन अक्षरे मावतील एवढी! एकेक आज्ञा बटणे वरखाली करून आत घालावी लागे. शंभर आज्ञांत एक बटण चुकले, तरी दिवे भलतेच लुकलुकत.

अशा वेळी विचारावयाचे कोणाला? जवळ दुरुस्तीचे दुकान नव्हते, आणि शेजाऱ्याने संगणक कधी पाहिलेलाही नव्हता. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क या गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारीच्या खोलीत तीसएक हौशी मंडळी जमली. त्यांतूनच ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’, म्हणजे घरी संगणक तयार करणाऱ्यांचे मंडळ, जन्माला आले. पुढे या मंडळाच्या सभांना एक छान वळण पडले. सभेच्या पूर्वार्धात ज्याने त्याने उभे राहून आपली अडचण किंवा आपला शोध थोडक्यात सांगावा. उत्तरार्धात ज्याला जो हवा असेल त्याने त्याला गाठावे, आकृत्या पाहाव्यात, सुट्या भागांची देवघेव करावी. एकाला रात्रभर छळणारा दोष दुसऱ्याने मागच्याच आठवड्यात शोधून काढलेला असे. स्टीव्ह वॉझनिअॅक या तरुण सभासदाने आपल्या नव्या संगणकाच्या आकृत्या येथे मोकळ्या हाताने वाटल्या. तोच पुढे ‘अॅपल एक’ म्हणून प्रसिद्ध झाला. ज्ञान वाटल्याने कमी होत नाही, याचा प्रत्यय त्या सभांत येत असे.

याच मंडळात स्टीव्ह डॉम्पिअर नावाचे एक सभासद होते. एकदा ते आपल्या आल्टेअरला काही संख्या क्रमवार लावावयास सांगत होते. शेजारी रेडिओ चालू होता. आज्ञावली सुरू होताच रेडिओतून विचित्र गुणगुण ऐकू येऊ लागली. दुसरा एखादा वैतागला असता आणि त्याने रेडिओ बंद केला असता. डॉम्पिअर यांनी मात्र विचार केला, की संगणक काम करीत असतानाच आवाज येतो, तर आवाजाचा आणि कामाचा संबंध असलाच पाहिजे. आज्ञावली बदलली की आवाज बदलतो काय, हे त्यांनी अनेक तास खपून पाहिले. तो बदलत होता! संगणकाच्या वेगवान विद्युत्स्पंदनांतून रेडिओलहरी बाहेर पडत होत्या आणि रेडिओ त्या पकडीत होता. कोणत्या आज्ञांच्या आवर्तनाने कोणता सूर निघतो, हे त्यांनी पडताळून पाहिले.

एप्रिल १९७५ मधील एका सभेत ते आपले यंत्र घेऊन आले. बटणांमागून बटणे दाबून त्यांनी मोठ्या कष्टाने सारी आज्ञावली आत घातली. आणि इतक्यात खेळणाऱ्या मुलांचा पाय विजेच्या तारेत अडकून वीज गेली. विजेबरोबर यंत्राची स्मृतीही पुसली गेली! डॉम्पिअर यांनी पहिल्यापासून पुन्हा आरंभ केला. शेवटी, आवाज काढण्याचे कोणतेही साधन नसलेल्या त्या पेटीजवळ ठेवलेल्या रेडिओतून बीटल्स यांच्या एका गाण्याचे सूर उमटले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्याला इतरांनी खरखर म्हटले असते, ती त्यांनी लक्ष देऊन ऐकली, म्हणूनच तीतून संगीत निघाले. पुढे कित्येक हौशी मंडळी यंत्र काम करते आहे की अडकले आहे, हे असाच रेडिओ जवळ ठेवून ओळखू लागली.

या लोकांच्या अनुभवांतून दोष शोधण्याचे काही नियम स्पष्ट होतात. पहिला नियम असा, की काय घडले ते नेमके पाहावे आणि लिहावे. ‘संगणक चालत नाही’ हे वर्णन नव्हे. ‘दिवा लागतो, पंखा फिरतो, परंतु पडदा काळा राहतो’ हे वर्णन होय. दुसरा नियम, सोपे कारण आधी तपासावे. पडद्याची तार सैल झालेली असताना सारा संगणक खोलून बसणे, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे: एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम केले आणि यंत्र सुरू झाले, तर त्या चारांतील गुण कोणाचा, हे कधीच कळत नाही. चौथा नियम, लक्षण आणि कारण यांत गल्लत करू नये. नाहीतर दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार व्हावयाचा.

हे नियम आजच्या संगणकालाही तसेच लागू पडतात. समजा, एका घरी एक जुना संगणक आहे. तो व्यवस्थित सुरू होतो. परंतु इंटरनेटवरील कोणतेही स्थळ उघडू गेले, की ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा पडद्यावर येतो. वडील म्हणतात, तार खराब झाली. काका म्हणतात, संगणकात विषाणू शिरला. आजोबा म्हणतात, हे यंत्रच आता थकले, नवे आणावे. घरातील बारा वर्षांची मुलगी मात्र काही न बोलता पडद्याकडे निरखून पाहते. कोपऱ्यातील दिनांक तिला कित्येक वर्षांपूर्वीचा दिसतो. ती दिनांक आणि वेळ दुरुस्त करते आणि काय आश्चर्य, सर्व स्थळे उघडतात!

एवढ्यावर दुसऱ्या कोणी समाधान मानले असते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ पुन्हा चुकलेले असते. मुलगी स्वतःला विचारते, ‘संगणक बंद असताना त्याचे घड्याळ कशावर चालते?’ रात्री घरातील मंडळी भिंतीवरचे बटण बंद करतात, हे तिला ठाऊक असते. एका रात्री ती ते बटण चालू ठेवावयास सांगते. बाकी काहीच बदलत नाही. सकाळी वेळ बरोबर! दुसऱ्या रात्री बटण बंद. सकाळी वेळ पुन्हा चूक! आता माग लागला. बाहेरची वीज तुटली, की घड्याळ चालू ठेवण्यासाठी मुख्य फलकावर बटणाच्या आकाराचा एक लहान सेल बसविलेला असतो. तो संपलेला आहे. वडील थोड्याशा पैशांत तसाच नवा सेल आणून बसवितात आणि दोष कायमचा नाहीसा होतो.

परंतु घड्याळाचा आणि इंटरनेटचा संबंध काय? सुरक्षित स्थळ आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखविते आणि त्यावर मुदतीचा आरंभ व शेवट लिहिलेला असतो. संगणकाचा दिनांक मागे गेला, तर त्याला वाटते की या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. म्हणून तो सावधपणे नकार देतो. म्हणजे संगणक वेडावलेला नव्हता. मिळालेल्या चुकीच्या माहितीवरून तो अगदी योग्य निष्कर्ष काढीत होता. नवा संगणक आणण्याचा खर्च एका लहान मुलीच्या निरीक्षणाने वाचला.

दोष यंत्राच्या भागांत आहे की आज्ञावलीत आहे, हे ठरविण्याचीही एक युक्ती आहे. लहानशा पेनड्राइव्हवर ‘लिनक्स’सारखी दुसरी कार्यप्रणाली घेऊन तिच्या साहाय्याने संगणक सुरू करावा. तसा तो नीट चालला, तर यंत्राचे भाग बहुधा ठीक असून दोष मूळच्या आज्ञावलीत किंवा ती साठविणाऱ्या डिस्कमध्ये आहे, असे समजावे. शंकेचे क्षेत्र असे निम्मे निम्मे करीत गेले, की मोठा गुंताही थोड्या पायऱ्यांत सुटतो.

धाडस मात्र विवेकाने करावे. संगणक उघडण्यापूर्वी त्याचा प्लग काढावा आणि घरातील मोठे माणूस जवळ असावे. वीजपुरवठ्याची बंद पेटी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तीतील काही भागांत धोकादायक विद्युत्भार साठून राहतो. तसेच, दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी आपल्या महत्त्वाच्या लेखनाची आणि छायाचित्रांची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. बिघडलेला भाग विकत मिळतो. पुसून गेलेले आजीचे छायाचित्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

यंत्राला राग नसतो, लोभ नसतो आणि लहरही नसते. ते बिघडते तेव्हा त्याला कारण असते आणि कारण असते म्हणूनच ते शोधता येते. हा विश्वास ज्याच्या मनात दृढ झाला, तो अडचणीपुढे हातपाय गाळीत नाही. तो पाहतो, लिहितो, एकेक शंका पारखतो, अडले तर जाणत्याला नम्रपणे विचारतो, आणि उत्तर सापडले म्हणजे ते दुसऱ्यालाही सांगतो. संगणकाची दुरुस्ती करता करता अशा मनुष्याच्या विचारांनाही शिस्त लागत जाते.

स्वाध्याय

१. ‘संगणक चालत नाही’ हे वर्णन अपुरे का आहे?
२. नोंदवहीत चिकटविलेल्या पतंगाच्या प्रसंगातून कोणता बोध मिळतो?
३. मुलीने दोन रात्री केलेल्या प्रयोगात कोणती एकच गोष्ट बदलली? इतर काही न बदलण्याचे कारण काय?
४. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ या म्हणीचा अर्थ सांगून ती लागू पडेल असा एक प्रसंग लिहा.
५. घरातील एखाद्या बिघडलेल्या वस्तूचे नेमके वर्णन पाच वाक्यांत करा.