सामायिक प्रिंटरचे दोष व त्यांचा शोध

उदाहरण चुकले म्हणजे शिक्षक विद्यार्थ्याची नेमकी कोणती पायरी चुकली ते पाहतो. केंद्रशाळेच्या कार्यालयात अनेक संगणकांना मिळून एकच प्रिंटर असतो. तो अडला म्हणजे हीच रीत अनुसरावी. छपाईची आज्ञा संगणकातून निघते, प्रतीक्षायादीत उभी राहते, नेटवर्कवरून जाते व अखेरीस यंत्रास पोहोचते. शोधास आरंभ यंत्रापासून करावा.

१. यंत्र : प्रिंटरवरील कळीने चाचणीचे पान काढावे. ते स्वच्छ निघाल्यास दोष अलीकडील पायऱ्यांत आहे, असे समजावे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांत पावसाळ्यात कागद सर्द होतो व दोन पाने एकदम आत जाऊन अडकतात. यास्तव कागद वेष्टनातच ठेवून लागेल तेवढाच काढावा. अडकलेले पान यंत्र बंद करून, शक्यतो कागद सरकण्याच्याच दिशेने, हलके ओढावे.

२. नेटवर्क : प्रिंटर एका संगणकास जोडून इतरांस वाटून दिला असल्यास तो संगणक चालू हवा. प्रिंटर राउटरला जोडलेला असल्यास वीज जाऊन आल्यावर त्याचा पत्ता कधी कधी बदलतो. संगणक जुन्याच पत्त्यावर शोध घेतो व ‘ऑफलाइन’ असे दाखवितो. जाणकाराकडून पत्ता कायम करून घ्यावा.

३. प्रतीक्षायादी : अग्रभागीची एक फाईल अडली की मागील सर्वांची कामे खोळंबतात. तेवढी एकच फाईल रद्द करावी. आज्ञा पुन्हा पुन्हा देणे मात्र घातक होय. त्या साऱ्या आज्ञा यादीत साठून राहतात आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू होताच प्रश्नपत्रिका भलत्याच्या हाती पडू शकते. कार्यालय सोडण्यापूर्वी यादी रिकामी असल्याची खात्री करावी.

४. संगणक : मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटल्यास दोष फॉन्टचा असतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर बिघडतो. १९९१ साली सिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्वतंत्र स्थान मिळाले. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये लिहावा व पीडीएफ करून छापावा.

प्रत्येक दोषाचा दिनांक, लक्षण व उपाय यांची नोंद प्रिंटरजवळील वहीत ठेवावी. एकाचा अनुभव अशा रीतीने सर्वांच्या उपयोगी पडेल आणि चाचणीच्या दिवशी मुलांस प्रश्नपत्रिकेची वाट पाहत बसावे लागणार नाही.