नाताळची रात्र : पोर्तुगीज घरातली आणि आपल्याकडची



25 डिसेंबरला दिल्लीत 'बडा दिन' म्हणतात. आपण मराठी माणसे मात्र 'नाताळ' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. इतिहासाच्या तासाला मी वसईची मोहीम शिकवतो, तेव्हा पोर्तुगीज म्हणजे फक्त किल्ल्यातला शत्रू, एवढेच चित्र तुमच्यासमोर राहते. त्या माणसांच्या घरात सण कसा होतो, हे आज पाहू.

पोर्तुगालमध्ये मुख्य सोहळा 24 तारखेच्या रात्री असतो. त्या रात्रीच्या कौटुंबिक जेवणाला 'कोन्सोआदा' म्हणतात. जुन्या प्रथेप्रमाणे या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून ताटात खारवलेला कॉड मासा, उकडलेला बटाटा, कोबी आणि वर ऑलिव्हचे तेल. गंमत पाहा : 'बटाटा' आणि 'कोबी' हे दोन्ही शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडूनच मिळाले. पाव, चावी आणि पगारही त्यांचेच!

मध्यरात्रीच्या प्रार्थनेला 'कोंबड्याची मिस्सा' म्हणतात. येशूच्या जन्माच्या रात्री कोंबडा आरवला, अशी लोककथा आहे. सणाच्या दिवसांत 'बोलो-रै', म्हणजे राजाचा केक, कापतात. त्यात पूर्वापार वालासारखा एक सुका दाणा लपवलेला असे. तो ज्याच्या वाट्याला येईल, त्याने पुढच्या वर्षी केक आणायचा. 6 जानेवारीला तीन राजांच्या सणाने हा काळ संपतो. काही घरांत कोन्सोआदाचे टेबल रात्री आवरत नाहीत. घरातल्या दिवंगतांसाठी ते तसेच मांडलेले ठेवतात. आपल्या पितृपक्षातल्या पानाची आठवण व्हावी, अशी ही रीत आहे.

गोव्यात याच 'कोन्सोआदा'ला निराळा अर्थ आला : शेजाऱ्यांकडे पाठवायचे गोडधोडाचे ताट. त्यात बिबिंका, दोदोल आणि नेवऱ्या असतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. दिवाळीचा फराळ ज्या घरातून येतो, त्याच घरी नाताळचे ताट जाते.

आता सैनिकाच्या बाजूने पाहू. 18 डिसेंबर 1961 रोजी 'ऑपरेशन विजय'मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली. लिस्बनचा आदेश शेवटपर्यंत लढण्याचा होता. तो न पाळता गव्हर्नर-जनरल वासालो इ सिल्वा यांनी 19 तारखेला शरणागती पत्करली. गोवा मुक्त झाला. पाचच दिवसांनी कोन्सोआदाची रात्र आली, तेव्हा तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आपल्याकडे युद्धबंदी होते. ते 1962 च्या मे महिन्यात मायदेशी परतले. त्या रात्री पोर्तुगालमधल्या किती घरांत एक खुर्ची रिकामी असेल! पण त्या शरणागतीमुळेच ती खुर्ची पुढे भरू शकली.

ही मोहीम न्याय्य होती आणि ती जिंकल्याचा मला अभिमान आहे. तरीही समोरच्या गणवेशाआड कुणाचा तरी मुलगा असतो, हे अधिकाऱ्याला ठाऊक असावे. युद्धबंदीला सन्मानाने वागवण्याचा जिनिव्हा करार पाठ करणे सोपे आहे. तो का पाळायचा, हे अशा रिकाम्या खुर्चीवरून कळते. सणासुदीला वसतिगृहात राहणाऱ्या तुम्हाला ते वेगळे सांगायला नको.

स्वाध्याय : सुट्टीत घरी गेल्यावर स्वयंपाकघरातले पाच पोर्तुगीज शब्द शोधा आणि आजीला विचारा, ती त्यांना परके मानते का?