वाडी, चाळ, चिमणी: पायी फिरून उमगलेलं

मुंबईतल्या जुन्या इमारती बघायच्या म्हटलं की पाहुण्यांना फोर्टात नेलं जातं. राजाबाई टॉवर, हायकोर्ट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. ते बघावंच. पण माझं मन रमतं ते गिरगाव, लालबाग, परळ आणि दादरमध्ये. इथल्या बहुतेक इमारती साध्या माणसांच्या राहण्यासाठी बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या कित्येकांत आजही बिऱ्हाडं नांदतात. अनेक वर्षं इथे पायी हिंडताना जे उमगलं, ते असं.

१. हमरस्ता सोडा, वाडीत शिरा.

जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून बसने गेलात तर गिरगाव दिसतच नाही, कारण ते आत आहे. केळेवाडी, आंबेवाडी, फणसवाडी. एका वाडीतून दुसरीत निघालं की शहराचा गोंगाट मागे पडतो. खोताच्या वाडीत सकाळी लवकर जावं. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी बांधलेली ही लाकडी घरं बघताना आधी जिन्याकडे लक्ष द्या. तो घराबाहेरून वर चढतो. त्यामुळे आतली जागा वाचते आणि माडीवरच्या बिऱ्हाडाला आपली वेगळी वाट मिळते. पुढे व्हरांडा, वर लाकडी सज्जा, त्याच्यावर भिंतीच्या बरंच पुढे आलेलं उतरतं छप्पर. हे छप्पर इतकं पुढे का काढलं असेल, याचं उत्तर उन्हाळ्यात मिळत नाही.

२. एकदा भर पावसात जा.

सगळे जण डिसेंबर-जानेवारीत फिरायला सांगतात. मी जुलैत जा म्हणेन. कोसळत्या पावसात पागोळ्या थेट गल्लीत पडतात आणि सज्ज्यातली खुर्ची कोरडी राहते. चाळीच्या गॅलरीत उभं राहिलं तर वारा समोरून येऊन खोलीतून आरपार जातो. या घरांना पंख्याआधीचा काळ माहीत आहे.

३. चाळ रस्त्यावरून बघू नका. वर जा, पण विचारून.

गॅलरी म्हणजे लोकांचं घरच असतं. जिन्याशी कोणीतरी विचारतंच, "कोणाकडे?" खरं सांगावं: "काकू, चाळ बघायला आलोय. वर आलं तर चालेल का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "या की." आणि मग माहिती विचारावी लागत नाही. लालबागमध्ये एका आजींनी माझा हात धरून जिन्याच्या पायऱ्या दाखवल्या. लाकूड मधोमध झिजून खोलगट झालेलं, कडेला मात्र मूळची जाडी शाबूत. "पहिल्या पाळीला जाणारे आणि तिसरीहून येणारे याच जिन्यात भेटायचे," त्या म्हणाल्या.

वर गेल्यावर सागवानी खांब बघा, कठड्याचं नक्षीकाम बघा, आणि मग वाकून खाली बघा. चाळींच्या मधली मोकळी जागा प्रत्येक गॅलरीतून दिसते. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. शेकडो माणसं एकाच वेळी एका मूर्तीकडे बघू शकतील अशी जागा चाळीने आधीच तयार ठेवली होती, असं मला तिथे उभं राहिल्यावर पटलं.

४. इमारत कधीची हे कळलं की ती अशी का, हेही कळतं.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांवर बोट ठेवलं गेलं आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्याच विचाराची फळं. सरळ रस्ते, दोन इमारतींमध्ये मोकळं अंतर, बागा. आज ज्या सावलीत आपण निवांत चालतो ती एका भीषण साथीतून आलेली आहे.

याच ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या अशा एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ राहिले. तिथून निघून हिंदू कॉलनीतल्या त्यांच्या 'राजगृहा'पर्यंत पायी जा. पाऊण तासाची चाल आहे. एका टोकाला दोन खोल्या, दुसऱ्या टोकाला पुस्तकांसाठी जागा धरून बांधलेलं घर. या मधल्या वाटेवर चालताना मला दरवेळी भरून येतं.

बीडीडी चाळी त्यानंतरच्या. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. गिरगावच्या चाळीला बाहेरून गॅलरी. इथे मात्र मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. भर दुपारी त्या बोळात अंधार असतो. प्लेगपासून घेतलेला धडा इथे विसरला गेला, असं माझं मत आहे. तरीही माणसांनी त्याच बोळाचं अंगण केलं.

५. लालबाग-परळच्या गिरणगावात मान वर ठेवा.

चिमण्या दिसतात म्हणून तर खरंच, पण गिरणीचं छप्पर त्याहून बघण्यासारखं. करवतीच्या दात्यांसारखे उतार आणि प्रत्येक दात्याच्या उभ्या बाजूला काचा, तोंड उत्तरेला. थेट ऊन आत न येता मागांवर दिवसभर सारखा उजेड पडावा म्हणून ही योजना. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काळात बहुतेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. लोअर परळला फिनिक्स गिरणीची चिमणी मॉलच्या आवारात उभी आहे.

६. इंग्रजांच्याही मागे जा.

परळच्या हाफकिन संस्थेची मुख्य वास्तू आधी पोर्तुगीज काळातला ख्रिस्ती मठ होती, मग गव्हर्नरचा बंगला, आणि १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा. जवळच बारादेवी मंदिरात सहाव्या शतकाच्या सुमाराचं भव्य शिवशिल्प आहे. रस्त्याच्या कामात १९३१ साली सापडलेलं. मधल्या शिवाच्या वर आणि दोन्ही अंगांना आणखी आकृती निघत जातात. परळकरांनाही ते दाखवावं लागतं, याचं वाईट वाटतं. दादरचं पोर्तुगीज चर्च १५९६ चं, पण आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात उभारलेली.

७. रहिवाशांना "हे जपा हो" म्हणू नका. नोंद करा.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली, आणि गॅलऱ्यांना टेकू लागले. पावसाळ्यात रात्री जाग येते ती रहिवाशांना. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहणाऱ्याला घरातलं न्हाणीघर हवं असेल तर तो त्याचा हक्क आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या; मला त्याचा आनंदच झाला.

आपल्या हातात आहे ते टिपून ठेवणं. दारावरच्या पाटीवरचं साल, खोलीची लांबी-रुंदी, नळ किती घरांत मिळून होता, मोरी कुठे होती, कठड्याची नक्षी कशी होती. साधा टेप, वही आणि फोन पुरतो. चाळीतल्या दोन-तीन जुन्या माणसांना बसवून मजल्याचा नकाशा काढून घ्या. कोणत्या खोलीत कोण, गणपती कुठे बसायचा, पाणी किती वाजता यायचं, सगळं त्यात येतं. पत्रे ठोकून फाटकाला कुलूप लागण्याआधी हे झालं पाहिजे, म्हणून पुनर्विकासाचा फलक दिसला की मी त्याच आठवड्यात तिकडे जातो.