अलार्म वाजल्यानंतरचं इंजिनिअरिंग

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : "इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे म्हणतो, पण ती खरी कशावरून? कम्प्युटर घ्यावं की ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन)?" कलचाचणीच्या अहवालातून याचं उत्तर फारसं मिळत नाही. त्यापेक्षा सुट्टीत मुलाला किंवा मुलीला एक वस्तू बनवू द्या : धूर आला की घरात वाजणारा आणि त्याच वेळी मोबाइलवर संदेश धाडणारा अलार्म.

सामान थोडंच लागतं. ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एमक्यू-२ सेन्सर, बझर, ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत किंवा ऑनलाइन हे सगळं साधारण हजार रुपयांत येतं. तेवढाही खर्च आत्ता नको असेल, तर 'वोकवी' या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच सर्किट जोडून प्रोग्राम चालवून बघता येतो. तयार प्रोग्राम इंटरनेटवर मिळतो. तो चढवला की एका दुपारी बझर वाजतो आणि व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. पालकांनी खरं लक्ष द्यायचं ते इथून पुढे.

कारण संध्याकाळी मिरचीची फोडणी पडते आणि अलार्म ठणाणा करू लागतो. हातावर सॅनिटायझर चोळलं तरी वाजतो. एमक्यू-२ मुळात ज्वलनशील वायूंचा सेन्सर आहे. त्यात टिन डायऑक्साइडचा थर तापवलेला असतो आणि वायू लागला की त्याचा विद्युतरोध घटतो. एलपीजी असो, अल्कोहोलची वाफ असो की धूर, तो सगळ्यांना दाद देतो. नेमकं काय आलं हे मात्र त्याला सांगता येत नाही. बाजारातले बहुतेक धूरसूचक वेगळ्या तत्त्वावर चालतात. त्यांच्या काळ्या कप्प्यात प्रकाशाचा झोत असतो, धुराचे कण आत शिरले की तो विखुरतो आणि आडबाजूला बसवलेल्या सेन्सरवर पडतो. हा फरक तुमचा मुलगा स्वतः शोधत गेला, तर ती मोठी खूण समजा. मग तो प्रोग्राममधली मर्यादा वाढवून पाहील. फोडणीला अलार्म गप्प बसेल, पण खऱ्या धुरालाही उशिरा जागा होईल. काही सेकंदांची सरासरी घ्यावी का? वाजायची पातळी आणि थांबायची पातळी वेगळी ठेवावी का? या प्रश्नांना पाठ्यपुस्तकात छापील उत्तर नाही, आणि असल्याच प्रश्नांवर या क्षेत्रातल्या माणसाचे दिवस जातात.

विजेचं गणितही असंच शिकवून जातं. या सेन्सरचा हीटर सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह खातो. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची क्षमता साधारण ५०० मिलिअँपिअर-तास. म्हणजे नुसत्या हीटरपायी ती तीन-चार तासांत संपते. विकतच्या अलार्ममध्ये तशीच बॅटरी वर्षभर टिकते, ती कशी? हे विचारणाऱ्याला उत्पादनाची रचना कळू लागली आहे. आणखी एक खोच सांगतो. ईएसपी३२च्या काही पिना वाय-फाय सुरू असताना सेन्सरचं वाचन देतच नाहीत. मूल सेन्सरला दोष देत नवा मागवतं की बोर्डाची डेटाशीट उघडून बसतं, हे शांतपणे पाहा.

शेवटी नेटचा प्रश्न. आग लागली, वीज गेली, राउटर बंद पडला, तर? वाजण्याचा निर्णय बोर्डावरच व्हायला हवा. मोबाइलचा संदेश ही जास्तीची सोय. उपकरण अचानक गप्प झालं तर तेही कळायला हवं. त्यासाठी एमक्यूटीटी या संदेशपद्धतीत सोयच आहे : संपर्क तुटला की मधला सर्व्हर बाकीच्यांना तसं कळवतो. ही पद्धत १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर दुरून नजर ठेवण्यासाठी बनली.

आता मूळ प्रश्न. वाचन का हलतं, बॅटरी का उतरते यात मूल रमलं, तर ईएनटीसी. संदेश कुठून कसा जातो, ॲपमध्ये कसा दिसतो यात रमलं, तर कम्प्युटर. कम्प्युटर हुकलं म्हणून नाइलाजाने ईएनटीसी घेऊ नका; चार वर्षं ओढत नेलेली शाखा कुणालाच फळत नाही. बारावी विज्ञान आणि सीईटी हा एकच रस्ता आहे असंही नाही. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि हाताने काम आवडणाऱ्या मुलांसाठी मला तो रस्ता अधिक पटतो. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हा ट्रेडही आहे. पुण्याच्या वाहनउद्योगात एम्बेडेडचं, म्हणजे यंत्रात बसवलेल्या छोट्या कम्प्युटरचं, काम मोठं आहे : त्याचा प्रोग्राम (फर्मवेअर) लिहिणारे, सर्किट बोर्ड (पीसीबी) आखणारे, टेस्टिंग करणारे.

आगीच्या बाजूनेही वाट फुटते. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात फायर इंजिनिअरिंगची पदवी मिळते. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली येणाऱ्या इमारतींना दर जानेवारी आणि जुलैमध्ये आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. या संस्थांना डिटेक्टर तपासू शकणारी माणसं लागतात.

एक कळकळीची विनंती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी पाच-सात हजारांत तयार प्रोजेक्ट विकत मिळतो, तो मुलांना घेऊन देऊ नका. मुलाखतीत कुणी "नेट गेलं तर काय होईल?" एवढंच विचारलं की तो उघडा पडतो. त्याऐवजी अलार्म कधी उगाच वाजला, कधी वाजायला हवा होता तेव्हा वाजला नाही, काय बदललं, हे तारखेसह एका वहीत लिहायला लावा आणि ती वही मुलाखतीला न्यायला सांगा. चाचणीला उदबत्तीचा धूर पुरे. कागद जाळणं, गॅस सोडणं अजिबात नको. आणि घरच्या सुरक्षेसाठी प्रमाणित अलार्म वेगळा बसवा, मुलाने बनवलेला कितीही छान चालत असला तरी.