उंच डोंगर कोणता?

दहिवलीस उल्हास नदीच्या काठी उभे राहिले, की जवळचे माथेरान भव्य दिसते. पूर्वेस, आकाश निरभ्र असेल तर, भीमाशंकरच्या डोंगराची निळसर रेघ. उंच कोणता? निव्वळ डोळ्यांवर विसंबले, तर हा वाद मिटत नाही.

थोरामोठ्यांचीही अशी फसगत झाली आहे! दार्जिलिंगहून भव्य दिसणारे कांचनगंगा हेच एके काळी जगातील सर्वोच्च शिखर मानले जाई. दूरचे एक शिखर तेथून इवलेसे दिसे. मोजणीदारांनी अनेक ठिकाणांहून त्याचे कोन घेतले. १८५२ साली राधानाथ सिकदार यांनी गणित केले. उंची आली २९,००२ फूट. तेच एव्हरेस्ट!

उंची मोजतात ती समुद्रसपाटीपासून. त्या मापाने महाराष्ट्रात कळसूबाई पहिले, १,६४६ मीटर. साल्हेर दुसरे, १,५६७ मीटर. माथेरान सुमारे ८०० मीटर, आणि ती दूरची निळसर रेघ त्याहून उंच.