हॅक झालेला मेल परत मिळवायला किती पैसे लागतात?

नंदुरबारात एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर पाटी दिसली : ‘जीमेल, फेसबुक, इन्स्टा रिकव्हर करून मिळेल.’ आत जाऊन भाव विचारला.

“पंधराशे. निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर.”

“आणि काम नाही झालं तर?”

“मग निम्मेच गेले ना, भाऊ!”

खातं परत देण्याचा गूगल एक रुपयाही घेत नाही. साध्या जीमेलसाठी फोनवर बोलणारं कस्टमर केअरही त्यांनी ठेवलेलं नाही. नेटवर शोधून जो नंबर सापडतो आणि पलीकडचा ‘स्क्रीन शेअर करा’ म्हणतो, तो बहुधा दुसरा चोर असतो. मेल फोडण्याचा मात्र बाजारभाव होता. जानेवारी २०१४ मध्ये सीबीआयने पुण्यातून एकाला पकडलं. त्याच्यावर आरोप होता तो २५० ते ५०० डॉलर घेऊन लोकांचे मेल फोडून दिल्याचा.

दुकानदार पंधराशेत करतो काय? लॉगिनच्या पानावर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबतो आणि तुम्हालाच ओटीपी विचारतो. हे घरी करा, कारण घरी जमण्याची शक्यता जास्त असते. विचारणारा माणूस नेहमीच्याच फोनवरून, नेहमीच्याच ब्राउझरमधून, नेहमीच्याच जागेवरून बोलतोय का, हे गूगल बघतं. धडगावच्या पोराने रोजचा मोबाइल बाजूला ठेवून, घाट उतरून नंदुरबारच्या परक्या कॉम्प्युटरवर हात मारला, तर तो स्वतःच अनोळखी ठरतो. जुना पासवर्ड आठवत असेल तर तोही टाका. चुकला तरी चालेल, पण रकाना कोरा सोडू नका.

घाई मात्र हवी. चोराने रिकव्हरीचा मोबाइल नंबर बदलला, तरी पुढचे सात दिवस जुन्या नंबरवर कोड मागवण्याची सोय गूगल देऊ शकतं. हे सात दिवस ‘कोणीतरी जाणकार भेटेल’ म्हणून घालवू नका.

आत शिरता आलं की लोक पासवर्ड बदलतात आणि निवांत होतात. समजा, खातं मिरचीच्या व्यापाऱ्याचं आहे. चोराने सेटिंगमध्ये एक फिल्टर लावून ठेवलाय : ‘पेमेंट’ शब्द असलेला मेल आला की त्याची प्रत चोराच्या पत्त्यावर जाते आणि मूळ मेल थेट कचरापेटीत पडतो. पासवर्ड बदलला तरी फिल्टर जागचा हलत नाही. मग एक दिवस चोर व्यापाऱ्याच्या नावाने ग्राहकाला कळवतो, ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे.’ माल मिरची वाळवण्याच्या पथारीवरून उचलला जातो आणि पैसे तिसरीकडेच पडतात. म्हणून फिल्टर आणि फॉरवर्डिंग ही दोन्ही पानं उघडून बघाच. मोबाइलच्या जीमेल ॲपमध्ये ती दिसत नाहीत. ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ करून उघडावी लागतात. सोबत अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा आणि रिकव्हरीचा नंबर व दुसरा मेल तपासा. कचरापेटीतला मेल ३० दिवस टिकतो, तोवर परत काढता येतो.

याला खर्च काहीच नाही. दोन टप्प्यांची पडताळणी फुकट, ऑथेंटिकेटर ॲप फुकट, आठ आकडी दहा बॅकअप कोडही फुकट. ते कोड कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. दोन-तीन हजारांची सिक्युरिटी की विकायला कोणी आलं, तर घरगुती खात्याला तिची गरज नाही.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला कळवा, मेलचं नंतर बघा. नुसतं खातं गेलं असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. पोलीस ठाण्यातही तक्रारीला शुल्क नाही. गुन्हा दाखल झाला की एफआयआरची प्रत फुकट मिळते. तो तुमचा हक्क आहे. आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून लहान ठाण्यातून ‘जिल्ह्याला जा’ असं ऐकायला मिळतं. पण तपास कोणी करायचा आणि तक्रार कुठे द्यायची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असते, हे तिथे शांतपणे सांगा.

आता खरा खर्च. आपल्याकडे बऱ्याच खात्यांची गोम चोरात नसतेच. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना सेवा केंद्रावरच्या दादाने दोन मिनिटांत मेल आयडी काढून दिलेला असतो. दोनशे पानी रजिस्टरात नाव, मेल आणि पासवर्ड असे रकाने. पासवर्डाच्या रकान्यात पानभर एकच शब्द आणि पुढे १२३. रिकव्हरीचा नंबर त्याचा स्वतःचा, कारण पोराकडे तेव्हा मोबाइल नव्हता. त्याचा हेतू वाईट नसतो, पण रजिस्टर काउंटरवर उघडंच पडलेलं असतं. ज्या पोराने आपलाच नंबर दिला होता, तो ऊसतोडीला गुजरातेत गेला, तिकडचं सिम घेतलं आणि इकडचं रिचार्जाविना मेलं. ९० दिवस वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्याला मिळतो. मग तुमच्या मेलची किल्ली त्या दुसऱ्याच्या खिशात!

शिल्लक किमान २० रुपये असेल तर तेवढे कापून नंबर आणखी ३० दिवस जपायचा, असा ट्रायचा नियम आहे. महिन्याला वीस रुपये म्हणजे वर्षाचे अडीचशेच्या आत. सिम हरवलं असेल तर डुप्लिकेट साधारण पन्नास रुपयांत मिळतं, पण ज्याच्या नावावर ते असेल त्यालाच, आणि नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. ओटीपीची वाट बघत त्याच दिवशी दहादा प्रयत्न करू नका, खातं आणखी अडकतं. आधारला नवा नंबर जोडायचा असेल तर आधार केंद्रावर ७५ रुपये लागतात, टेंभलीत देशातलं पहिलं आधार वाटलं गेलं त्या नंदुरबार जिल्ह्यातही.

फॉर्म भरायला सेवा केंद्रावर पुढच्या वेळी गेलात तर रजिस्टरातली आपली ओळ खोडायला सांगा. त्याआधी घरीच पासवर्ड बदलून जा.